दळण, कांडण आणि आपल्या शेतकरी भगिनींचे ओझे

(भगिनी मंडळासाठी अभ्यासपाठ)

शास्त्रभाग: अनुवाद २४:६, रूथ २:१७, यशया २८:२७-२८.

पाठाचा हेतू: शेतात पिकलेला दाणा ताटात येईपर्यंत स्त्रीच्या अंगावर कोणकोणते कष्ट पडतात ते नीट पाहणे, ते कष्ट कमी करण्याची साधने कोणती हे समजून घेणे, आणि साधन आणताना कोणाचे नुकसान होऊ नये म्हणून काय पाहावे, याचा विचार करणे.



इंदूर, बडोदे, हैदराबाद यांसारख्या शहरांत राहणाऱ्या आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांना हा पाठ जुन्या काळचा वाटेल. आपल्या घरी दळण म्हणजे डबा गिरणीत ठेवणे आणि संध्याकाळी घेऊन येणे. काही घरांत तर घरघंटी आली आहे. बटण दाबले की पीठ तयार. जाते असलेच तर ते अंगणाच्या कोपऱ्यात, त्यावर तुळशीची किंवा कोरफडीची कुंडी.

पण आपण खाल्लेल्या भाकरीची हकीकत गिरणीपासून सुरू होत नाही. ती खळ्यापासून सुरू होते. खानापूर तालुक्यातील नाचणी असो, डांगातील नागली असो, किंवा तेलंगणातील ज्वारी असो, गिरणीच्या दारात धान्य येण्यापूर्वी त्यावर बरेच काम झालेले असते, आणि त्यातील मोठा भाग स्त्रीच्या हातून झालेला असतो. म्हणून हा विषय आपण आज पायरीपायरीने पाहू.

१. खळ्यापासून ताटापर्यंत

कणसे खुडली की ती वाळवावी लागतात. मग मळणी. पूर्वी खळ्यावर बैलांची पात धरीत; ज्यांच्याकडे बैल नाहीत ते काठीने बडवीत किंवा भाताची पेंढी फळीवर झोडपीत. त्यानंतर उफणणी, तिवईवर उभे राहून, सूप डोक्याच्या वर धरून वाऱ्याची वाट पाहत दाणा व भूस वेगळे करणे. मग चाळणे, पाखडणे, खडे निवडणे, पुन्हा वाळवणे, कणगीत किंवा पोत्यात भरणे. एवढे झाल्यावर स्वयंपाकासाठी रोजचे काम उरते ते निराळेच: कांडणे, भरडणे, सडणे, दळणे.

प्रत्येक धान्याचा स्वभावही वेगळा. ज्वारी, बाजरी, गहू यांचा दाणा मळणीतच मोकळा होतो. तो थेट दळता येतो. नाचणीच्या दाण्यावर पातळ पापुद्रा चिकटून राहतो, म्हणून ती मळल्यावरही पुन्हा कांडावी लागते. भाताला टणक तूस असते. कोकणात त्यासाठी घिरट आणि उखळ-मुसळ ही दोन्ही लागत. सर्वांत अवघड ती वरी, सावा, राळा, कोद्रा ही बारीक धान्ये. दाणा मोहरीएवढा, तूस त्याला घट्ट धरून बसलेले. ते मुसळाने काढताना दाणा फुटू न देता कवच फोडायचे, पाखडायचे, पुन्हा कांडायचे, पुन्हा पाखडायचे. दुकानात आपण जी भगर विकत घेतो, ती म्हणजे वरी-साव्याचा हा सोललेला दाणाच होय. नाशिकच्या गिरण्यांत आज तो यंत्रावर सोलला जातो; दुर्गम पाड्यांवर मात्र अजूनही मुसळावर.

२. पवित्र शास्त्रातील जाते

आता शास्त्रभागाकडे वळू. बायबलमध्ये जात्याचा उल्लेख अनेकदा येतो, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी जात्यामागे बसलेली व्यक्ती समाजाच्या तळाशी आहे. निर्गम ११:५ मध्ये मिसर देशाच्या लोकांची वरपासून खालपर्यंत गणना होते, तेव्हा वरच्या टोकाला सिंहासनावरचा फारो आणि खालच्या टोकाला जात्यामागे बसलेली दासी. शास्ते १६:२१ मध्ये शमशोनाला आंधळे करून, बेड्या घालून, तुरुंगात दळावयास लावतात. यरुशलेमेच्या पाडावानंतरच्या विलापातही (विलापगीत ५:१३) तरुणांना जात्याचे काम करावे लागले, ही मोठी मानहानी म्हणून सांगितली आहे.

येथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. पुरुषाला दळावयास लावले तर ती शिक्षा, ती मानहानी. तेच काम स्त्री रोज पहाटे करीत असे, तेव्हा त्याला कोणी नाव दिले नाही. ते तिचे कामच समजले गेले.

परंतु नियमशास्त्रात एक फार सुंदर तरतूद आहे. अनुवाद २४:६ मध्ये असे सांगितले आहे की, कर्जासाठी कोणाचे जाते, किंवा जात्याची नुसती वरची तळीसुद्धा, गहाण ठेवून घेऊ नये. कारण तसे करणे म्हणजे त्या माणसाचा जीवच गहाण ठेवून घेणे होय. जाते दगडाचे, पण त्यावर घराचे जगणे चालते, हे नियमशास्त्राने ओळखले होते. आजच्या भाषेत बोलावयाचे तर, अन्न तयार करण्याचे साधन गरिबाच्या हातून काढून घेता कामा नये. हा मुद्दा आपण पुढे पुन्हा घेणार आहोत.

रूथ दिवसभर सरवा वेचते. पण रूथ २:१७ कडे नीट पाहा. वेचून झाल्यावर तिचा दिवस संपत नाही. संध्याकाळी ती सारे झोडपून एफाभर जव काढते आणि मग ते घेऊन गावात सासूकडे जाते. शेतातील कामानंतरचे दुसरे काम तेथेही स्त्रीच्याच वाट्याला आले आहे.

आणि यशया २८:२७-२८ मध्ये शेतकऱ्याचे शहाणपण सांगितले आहे. जिऱ्यासारखा नाजूक दाणा मळणीच्या जड अवजाराखाली घालीत नाहीत, तो काठीने झोडतात. भाकरीचे धान्य मळतात, पण तेही कायमचे चिरडत बसत नाहीत. दाण्यानुसार रीत बदलावी, हे शहाणपण देवाकडूनच शेतकऱ्याला मिळाले, असे संदेष्टा म्हणतो. यंत्र निवडतानाही हाच नियम लागू पडतो.

३. ओझे अंगावर कोठे पडते?

कष्ट म्हटले की आपण मान हलवतो. पण ते मोजून पाहत नाही. एक साधा हिशेब करू. समजा मुसळ ३ किलोचे आहे आणि बाई मिनिटाला ३० वेळा ते उचलते. एका तासात १,८०० वेळा उचलले. म्हणजे तासाभरात तिच्या खांद्यांनी एकूण ५,४०० किलो, अर्थात ५४ क्विंटल वजन उचलून खाली सोडले. बाजार समितीतील हमाल एवढी पोती उचलील तर आपण त्याची हमाली देतो. घरातील कांडणाची मजुरी कोणत्याच वहीत नसते.

दळताना एक पाय लांब करून, पाठ वाकवून, एकाच खांद्यावर जोर येतो. निवडताना व पाखडताना तासन्‌तास उकिडवे बसावे लागते. गुडघे व कंबर भरून येतात. उफणताना दोन्ही हात डोक्यावर. मळणीचे भूस नाका-डोळ्यांत जाते. दम्याचा त्रास असलेल्या बाईला ते दिवस फार जड जातात. भुईमुगाच्या शेंगा हाताने फोडताना बोटांची सालटी निघतात. म्हणून पुष्कळ ठिकाणी शेंगा पाण्याने भिजवून मऊ करतात. पण त्यामुळे दाण्यात ओल राहते, बुरशी धरते आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचे यकृताला घातक असे विष तयार होऊ शकते. कष्ट वाचविण्यासाठी केलेला उपाय असा तब्येतीवर उलटतो.

आणि वेळेचे काय? केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर लोकांच्या दिवसाच्या वेळेची पाहणी केली. घरातील बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवितात आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे तीत आढळले. म्हणजे एकीकडे जवळजवळ पाच तास आणि दुसरीकडे दीड तासाच्या थोडे वर. शेतकरी स्त्रीच्या बाबतीत हे पाच तास शेतातील कामाखेरीजचे होत, हे लक्षात ठेवावे.

आपल्या मराठी भाषेने ह्या कष्टातूनच ओवी निर्माण केली. हेमा राईरकर व गी पॉइटव्हिन यांनी पुण्याहून काम करून, खेड्यापाड्यांतील स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सुख, दुःख, माहेर, भाऊ, नवऱ्याचा जाच, देवाची आळवणी, सारे त्यांत आहे. जनाबाईच्या कथेत तर दळू लागावयास प्रत्यक्ष देव येतो. मदतीला माणूस आला अशी कथा रचणे लोकांना सुचले नाही, ही गोष्ट बोलकी आहे. ओव्या जपाव्यात, त्यांचा अभ्यास व्हावा. पण ओवी गोड म्हणून जाते बरे, असे म्हणण्याचा अधिकार ते ओढणाऱ्या बाईलाच आहे.

४. ओझे असह्य झाले की पीक जाते

हा प्रश्न केवळ कंबरदुखीचा नाही. त्यावर पिकांचे भवितव्यही अवलंबून आहे. याचे एक चांगले उदाहरण तामिळनाडूतील नामक्कल जिल्ह्यात कोल्ली डोंगरावर पाहावयास मिळते. तेथील मलयाळी नावाचा आदिवासी समाज पिढ्यानपिढ्या सावा, राळा, नाचणी अशी धान्ये पिकवीत व खात आला. पुढे खालच्या मैदानातील साबुदाण्याच्या कारखान्यांमुळे टॅपिओकाच्या कंदाला रोख पैसा मिळू लागला. रेशनवर तांदूळही मिळू लागला. बारीक धान्याची शेते झपाट्याने कमी झाली.

चेन्नई येथील एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाच्या कार्यकर्त्यांनी तेथे १९९० च्या दशकापासून काम केले. धान्य कमी होण्यामागे भाव, रस्ते, बाजार ही कारणे होतीच. पण घरातील एक कारणही त्यांच्या ध्यानात आले. शेतात दिवसभर राबून आलेल्या बाईला उखळापाशी उभे राहून सावा कांडणे नकोसे झाले होते. तांदळाचे पोते सोडले की भात शिजतो; साव्याला आधी घाम गाळावा लागतो. मग तिने तांदूळ पसंत केला, यात तिचा काय दोष? त्या प्रतिष्ठानाने वाड्यावस्त्यांजवळ तूस काढण्याची व दळण्याची छोटी यंत्रे बसवून ती बचत गटांच्या हाती दिली. त्याबरोबर बियाणे व विक्री यांचीही सोय केली, तेव्हा ही धान्ये पुन्हा घराघरांत येऊ लागली.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, आणि २०२६ हे वर्ष शेतकरी स्त्रीचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले. ही दोन वर्षे एकमेकांना जोडूनच वाचावीत. शहरातील आपण नाचणी-राळ्याचे गुण वाखाणतो, डॉक्टर ती खावयास सांगतात. पण ते धान्य कांडणाऱ्या हातांची सोय झाली नाही, तर ते पिकविण्याचा आग्रह म्हणजे त्या बाईवर आणखी एक ओझे होईल.

५. साधने कोणती?

मोठ्या कारखान्याची येथे गरज नाही. साधी साधने पुष्कळ आहेत. भोपाळ येथे १९७६ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने स्त्रियांच्या उपयोगाची बरीच अवजारे तयार केली आहेत.

मका सोलणी: हातात मावेल अशी पत्र्याची नळी, आतून चार पाती. एका हातात नळी, दुसऱ्या हातात वाळलेले कणीस. कणीस आत घालून पिळले की दाणे सुटतात. तासाला १५ ते २५ किलो दाणे निघतात आणि अंगठ्याची साल जात नाही. वीज नको, तेल नको.

शेंगा फोडणी: खाली जाळी, वर पुढेमागे हलणारा दांडा. बसून चालविण्याच्या लहान यंत्रावर तासाला सुमारे ३० किलो शेंगा फुटतात. शेंगा कोरड्या फोडता येतात, म्हणून बुरशीचा धोकाही कमी.

टांगती चाळण: दोरीने आढ्याला टांगलेली दुहेरी जाळी. उभे राहून झुलविली की खडे, माती व दाणे वेगळे होतात. उकिडवे बसणे वाचते.

नाचणीचे मळणी यंत्र: अल्मोडा येथील विवेकानंद पर्वतीय कृषी संशोधन संस्थेने डोंगरी शेतकऱ्यांसाठी नाचणी व सावा मळण्याचे छोटे यंत्र तयार केले. काठीने बडविणे आणि पापुद्र्यासाठी पुन्हा कांडणे, ही दोन्ही कामे त्याने हलकी होतात.

बारीक धान्याचे तूस काढण्याचे यंत्र: भोपाळच्या संस्थेचे असे यंत्र एका अश्वशक्तीच्या मोटारीवर, घरगुती विजेवर चालते आणि तासाला सुमारे १०० किलो धान्य हाताळू शकते. दुसऱ्या एका प्रकारात फिरणारी चकती दाणा जोराने रबरी भिंतीवर फेकते. आपटून कवच फुटते व पंखा तूस उडवून देतो. मात्र दाणे आधी चाळून एकसारख्या आकाराचे करून घ्यावेत व चांगले वाळवावेत. लहानमोठे एकत्र घातले तर मोठे फुटतात आणि लहान तसेच राहतात. भरडधान्यांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था हैदराबादेत राजेंद्रनगर येथे आहे. त्या भागातील मंडळ्यांनी तेथे जाऊन यंत्रे पाहून येणे फारच उपयोगी ठरेल.

येथे एक सावधगिरीची सूचना. विजेवर किंवा ट्रॅक्टरवर चालणाऱ्या मळणी यंत्रात पेंढी घालताना हात गेल्याचे अपघात देशात इतके झाले, की १९८३ मध्ये संसदेला धोकादायक यंत्रांविषयी कायदा करावा लागला. घास घालण्याची पन्हळ किमान ९० सेंटिमीटर लांब आणि यंत्राकडील ४५ सेंटिमीटर वरून झाकलेली असावी, असे प्रमाण ठरलेले आहे. यंत्र भाड्याने आणताना टेप घेऊन ही पन्हळ मोजावी. पदर खोचलेला, केस बांधलेले, हातात सैल बांगड्या नाहीत, आणि पट्ट्यावर जाळी बसवलेली, एवढे पाहिल्याशिवाय कोणाही बाईला यंत्राजवळ उभे करू नये. रात्री झोपमोड करून मळणी करणे तर टाळावेच.

६. यंत्र आले म्हणून ओझे उतरलेच असे नाही

नव्या साधनाला लोक आरंभी नाकारतात, हे नेहमीचेच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर बनविला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते ह्या समजुतीने शेतकरी तो घेईनात. गिरणीचे पीठ बेचव, असेही आपल्या आज्या म्हणत. हे अडथळे काळाने दूर होतात. परंतु काही शंका खऱ्या असतात. त्यांचा विचार आधीच करावा लागतो.

पहिली शंका मजुरीची. "तिने दळण-कांडण करून मुले वाढविली", हे वाक्य आपल्याकडे किती विधवांविषयी बोलले गेले आहे! ज्या कामाला आपण कष्ट म्हणतो, तेच काम कोणा निराधार बाईची भाकरी असते. बांगलादेशात १९७० व १९८० च्या दशकांत भात भरडण्याच्या छोट्या गिरण्या गावोगावी निघाल्या. ज्या घरांत स्वतःचे धान्य होते तेथील स्त्रियांची ढेकीच्या पायपिटीतून सुटका झाली. पण जी भूमिहीन बाई दुसऱ्याच्या ढेकीवर कांडून मापटेभर तांदूळ मिळवीत असे, तिची मजुरी बुडाली, आणि गिरणीत काम मिळाले ते बहुधा पुरुषांना. यंत्र एकच, त्याने एकीचे ओझे उतरविले आणि दुसरीची चूल विझविली. नियमशास्त्रातील जात्याच्या तरतुदीचा अर्थ येथे लागतो. गरिबाचे साधन निरुपयोगी झाले, तर ते गहाण पडल्यासारखेच नव्हे काय?

दुसरी शंका आहाराची. यंत्राला थांबायचे कळत नाही. दाणा पांढरा शुभ्र होईपर्यंत ते घासत राहते. १८९० च्या दशकात जावा बेटावर आइकमन ह्या डच डॉक्टरांना असे दिसून आले, की सडलेल्या पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग होतो आणि कोंड्यासह तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. पुढे ह्या शोधासाठी त्यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. गोव्यातील व कोकणातील उकडा तांदूळ ह्या बाबतीत चांगला. उकडताना कोंड्यातील ब-१ जीवनसत्त्व दाण्यात शिरते. राळा-साव्याचेही तसेच. तूस काढावे, कोंडा ठेवावा. गिऱ्हाईक पांढरे मागते म्हणून दुसऱ्यांदा घासू नये.

तिसरी शंका अंतराची. बाजरीचे पीठ चार-आठ दिवसांत कडू होऊ लागते. म्हणून महिन्याचे दळण एकदम आणून ठेवता येत नाही. गिरण तीन मैलांवर असेल, तर दळण्याचे कष्ट जाऊन डोक्यावर ओझे वाहण्याचे कष्ट येतात. यंत्र मोठे असण्यापेक्षा जवळ असणे महत्त्वाचे.

चौथी शंका मालकीची. पश्चिम आफ्रिकेतील माली देशात १९९० च्या दशकात संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थांनी एक योजना आणली. आपल्याकडे विहिरीच्या पंपावर वर्षानुवर्षे धडधडत आले तसले एक डिझेल इंजिन लोखंडी चौकटीवर बसवायचे. त्यालाच दळण्याची चक्की, तूस काढण्याचे यंत्र व बॅटरी भरण्याची सोय जोडायची. अट अशी की, मागणी गावातील स्त्रियांच्या संघटनेने करायची, हिशेब त्यांनीच ठेवायचा आणि यंत्रही त्यांनीच चालवायचे. त्यासाठी पुष्कळ स्त्रियांना आधी अक्षरओळख व आकडेमोड शिकावी लागली. पहाटे आईबरोबर कांडणाऱ्या मुलींना शाळेसाठी वेळ मिळू लागला. इंजिन बंद पडले आणि सुटा भाग मिळाला नाही, अशाही गोष्टी घडल्या. म्हणून दुरुस्तीची सोय आधी पाहावी, हा धडा तेथूनच घ्यावयाचा.

७. आपल्या मंडळीने काय करावे?

आधी विचारावे. यंत्र ठरविण्यापूर्वी भगिनींना एकत्र बसवून विचारावे की, सर्वांत नकोसे काम कोणते? पाळकसाहेब, पंच व घरातील पुरुष दळण म्हणतील. बाई कदाचित शेंगा फोडणे म्हणेल, किंवा पाणी आणणे म्हणेल. तिचे उत्तर प्रमाण मानावे.

मग धान्य मोजावे. समजा तूस काढण्याचे यंत्र सर्व खर्चासह ६०,००० रुपयांना पडते आणि दर किलोला ३ रुपये घ्यावयाचे ठरले. १०० घरे महिन्याला प्रत्येकी २० किलो आणतील, तर २,००० किलो होतील व ६,००० रुपये जमतील. चालविणाऱ्या बाईला २,५०० रुपये, विजेला ५०० आणि दुरुस्तीसाठी १,००० बाजूला काढले, तर २,००० उरतात. अडीच वर्षांत यंत्राची किंमत फिटते. पण घरे ४० च असतील, तर जमा होतात २,४०० रुपये. तेवढ्यात चालविणारीचा पगारही निघत नाही. हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. आपापल्या गावाचे खरे आकडे घालून हाच हिशेब करावा. पुष्कळ ठिकाणी देणगीचे यंत्र गंजत पडते, त्याचे कारण कोणी आधी धान्यच मोजलेले नसते.

जिची मजुरी बुडणार तिला प्रथम घ्यावे. गावात कांडण-निवडण करून पोट भरणारी बाई कोण, हे सर्वांना ठाऊक असते. यंत्र चालविण्याचे शिक्षण तिलाच द्यावे. ती मंडळीची सभासद आहे की नाही हे विचारू नये. जाते सर्वांच्याच घरी होते.

यंत्राची वही स्त्रियांच्या हाती असावी. खाते भगिनींच्या गटाच्या नावे काढावे, आणि महिन्याच्या सभेत हिशेब मोठ्याने वाचून दाखवावा.

आणि शेवटची गोष्ट, जिला पैसा मुळीच लागत नाही. पुरुषांनी सूप हाती घ्यावे. घरातील मुलगा दळणाचा डबा सायकलीवरून आणतो, पण पाखडावयास बसत नाही, असे का? शमशोनाला जी शिक्षा वाटली, ते काम बाप व मुलगा घरात प्रेमाने करू लागतील, तर त्यातील मानहानी निघून जाईल आणि ओझेही अर्धे होईल. यंत्र येईल तेव्हा येवो. हे येत्या रविवारपासून करता येण्यासारखे आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरी येणारे धान्य कोणाच्या हातांतून येते? मळणीपासून स्वयंपाकापर्यंतच्या पायऱ्या क्रमाने सांगा व प्रत्येक पायरीचे काम कोण करते ते लिहा.

२. अनुवाद २४:६ मधील जात्याच्या जागी आजचे कोणते साधन ठेवता येईल? कर्जापायी ते कोणाच्या हातून जाताना आपण पाहिले आहे काय?

३. आपल्या भागात गिरण आली तेव्हा कोणाची सोय झाली आणि कोणाची मजुरी गेली? मंडळीतील वृद्ध भगिनींना विचारून सांगा.

४. शहरातील मंडळीने खेड्यातील भगिनींसाठी मका सोलणीसारखी लहान साधने पाठवावयाची ठरविल्यास, ती खरोखर हवी आहेत की नाहीत हे कसे समजून घ्याल?

५. कृती: या महिन्यात मंडळातील प्रत्येकीने (आणि प्रत्येकाने) एक किलो नाचणी किंवा शेंगा स्वतः हाताने निवडून, कांडून किंवा फोडून पाहाव्यात. किती वेळ लागला व अंग कोठे दुखले, हे लिहून पुढील सभेत आणावे. हा पाठ त्या कागदावरून पुढे चालू करावा.